मंजुषा चालून दाखवते

उषाताई कोलकात्यात राहायला आल्या त्या हिवाळ्यातली गोष्ट. सॉल्ट लेकच्या फ्लॅटमध्ये दुपारची डुलकी काढून त्या बाहेर आल्या, तर सून हॉलमध्ये लंगडत होती. बरं, साधंसुधं लंगडणं नव्हे. दोन पावलं नीट टाकायची, मग उजवीकडे कलायचं, दोन्ही हात पंखांसारखे फाकवायचे आणि मटकन खाली बसायचं. पुन्हा उठायचं, पुन्हा तेच. उषाताई आल्या पावली मागे फिरल्या आणि तिळाच्या तेलाची वाटी गरम करून घेऊन आल्या.

"बस इथे. कुठे मुरगळला?"

"काय?"

"पाय. दुसरं काय."

"पाय छान आहेत आई," मंजुषा म्हणाली. "ही कोंबडी आहे. हिला चालता येतं, पण दोन पावलांत दम जातो. उद्या बराकपूरला कोंबड्या पाळणाऱ्यांची मीटिंग आहे ना, तिची तयारी करतेय."

उषाताई वाटी धरून उभ्याच राहिल्या. गरम केलेलं तेल वाया कशाला घालवायचं, म्हणून ते त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांना चोळलं आणि चोळता चोळता सुनेकडे बघत राहिल्या. आता ती पंखांच्या कुबड्या करून सोफ्याकडे सरपटत निघाली होती. ही म्हणे त्याहून वाईट पायांची कोंबडी.

मंजुषा शिरवळला शिकलेली जनावरांची डॉक्टर. नवरा केदार केंद्र सरकारच्या नोकरीत. त्याची बदली कोलकात्याला झाली तेव्हा हिनेही सेक्टर फाइव्हमधल्या एका कंपनीत नोकरी धरली. कंपनी कोंबड्यांच्या पायांची औषधं करायची. औषधं म्हणजे तसं खुराकच, टॉनिक म्हणा. पुण्याच्या नातेवाइकांचा फोन आला आणि "सून काय करते?" असा प्रश्न निघाला की उषाताई "खाजगी कंपनीत आहे" एवढंच सांगून समोरच्याच्या तब्येतीची चौकशी सुरू करायच्या. ज्यांच्या घरात अंडंसुद्धा बाहेरच्या भांड्यात उकडलं जायचं, त्यांनी दुसरं काय सांगावं?

पण बाई चौकस. तेलाचा हात पुसून त्यांनी त्या दिवशी विचारलंच, "कोंबड्यांच्या पायांना टॉनिक लागतं कशाला? आमच्या गावात कोंबड्या भिंतीवर उडून बसायच्या."

"त्या गावठी. या मांसाच्या. दुसरीतल्या पोराच्या पायांवर पैलवानाचं धड ठेवलं तर काय होईल?"

"कोसळेल."

"तेच होतं. वजन भराभर वाढतं आणि हाडं मागे पडतात. मग पिल्लू बसतं. बसलं की दाण्यापर्यंत जात नाही, पाण्यापर्यंत जात नाही. उपाशी मरतं, तेही भरल्या ताटासमोर. म्हणून हाडांना डी जीवनसत्त्व, सांध्यांना मँगनीज, तळव्यांना बायोटिन, नसांना बी-टू. सगळं अगदी पहिल्या दिवसापासून द्यावं लागतं. पाय गेल्यावर देऊन फारसा उपयोग नाही."

उषाताईंनी जरा विचार केला. "म्हणजे बाळंतिणीला डिंकाचे लाडू देतात तसं."

"अगदी तसं. फक्त आम्ही लाडू वळत नाही, पाण्यातून देतो."

त्या दिवसापासून त्या घरात टॉनिकचं नाव 'कोंबड्यांचा डिंक' पडलं. केदारही ऑफिसला निघताना विचारायचा, "आज डिंक कुठल्या गावाला?"

या चालून दाखवण्याची कथा अशी. मंजुषा पहिल्यांदा बराकपूरच्या पुढच्या गावांत गेली तेव्हा तिला बंगाली येत नव्हतं आणि तिथल्या बायांना हिंदी जेमतेम. शेडमध्ये शिरून "पाय कसे आहेत" विचारलं की सगळे म्हणायचे, "भालो, भालो," म्हणजे चांगले. आणि आत निम्मी पाखरं बसलेली. वैतागून एकदा ती स्वतःच लंगडली आणि हातांनी विचारलं, असं चालतात का? बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मग त्यांतल्या एका म्हातारीने मान हलवली, उठली, साडी खोचली आणि टाचा उचलून, तापल्या वाळूवरून जावं तशी चालली. मंजुषाला एका क्षणात कळलं. हाडांचं दुखणं नव्हेच हे. खालचा भुसा ओला राहतोय आणि तळवे भाजतायत. भुसा बदलला, थोडं बायोटिन वाढवलं, पाखरं सरळ चालायला लागली.

तेव्हापासून तिच्या मीटिंगा म्हणजे बघण्यासारखा प्रकार झाला. कुठल्यातरी क्लबच्या खोलीत सतरंजी अंथरायची, मध्ये वाट मोकळी ठेवायची आणि आधी मंजुषाने चालून दाखवायचं. निरोगी पक्षी कसा, किंचित डुलणारा कसा, दोन पावलांत थकणारा कसा. मग एकेकाने उठून आपल्या शेडमधली चाल करून दाखवायची. मिशीवाले बाप्ये गंभीर चेहऱ्याने बसकण मारत आणि शेजारी ओरडत, "खोटं, याची त्याहून लंगडी आहे, मी पाहिलीय." एकदा फौजेतून निवृत्त झालेला एक सुभेदार उठला. छाती काढून असा ताठ चालला की त्याच्या कोंबड्यांना नुकतीच पदकं मिळाली असावीत. त्याची बायको मागून म्हणाली, "ही तुमची चाल झाली." मग ती उठली आणि खरी चाल करून दाखवली. सुभेदार त्या दिवसापासून मंजुषाला नमस्कार करायचा तो थेट सॅल्यूट.

असले किस्से मंजुषा रात्रीच्या जेवणावर सांगायची आणि उषाताईंचा घास हातातच राहायचा. तरीपण फोनवर मात्र "खाजगी कंपनीत आहे" चालूच होतं.

या मीटिंगांमध्ये एक बाई नेहमी पुढे बसायची. शेफाली कयाल. बराकपूरपासून टोटोने, म्हणजे तिथल्या बॅटरीच्या रिक्षाने, बरंच आत गेलं की तिचं घर आणि घरामागे शेड. शेफाली आणि तिचा नवरा परिमल इतकी वर्षं एका कंपनीची पिल्लं वाढवून द्यायचे. पिल्लं कंपनीची, दाणा कंपनीचा, आपण फक्त राखण करायची आणि गाडी आली की पाखरं चढवून द्यायची. शेफालीला ते खुपायचं. स्वतःच्या शेडमध्ये आपण पाहुण्यासारखे, असं ती म्हणायची. या हिवाळ्यात तिने हट्टाने स्वतःची पिल्लं आणली. दाणा घरीच दळला. जीवनसत्त्वांसाठी मंजुषाच्या टॉनिकवर भरवसा ठेवला, कारण मंजुषाने सांगितलं होतं की ते नेमाने पाण्यातून दिलं तर घरच्या दाण्यावरही पाय मजबूत राहतात.

परिमलने एक अट घातली होती. ही एक बॅच. ती नीट उभी राहिली तर शेड तुझी. बसली तर परत कंपनीकडे, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही.

संक्रांत झाली. उषाताईंनी कोलकात्यातलं पहिलं हळदीकुंकू मांडलं. वाण म्हणून झाकणाच्या, कडीच्या छोट्या स्टीलच्या बरण्या ठरल्या. केदार त्या आणायला सियालदहजवळच्या घाऊक बाजारात गेला आणि दुकानदाराशी बंगालीत घासाघीस करण्याच्या नादात चौपट बरण्या घेऊन आला. उषाताई म्हणाल्या, "अख्ख्या कोलकात्यात इतक्या मराठी सवाष्णी नाहीत रे."

संध्याकाळी घर भरलं. बँकेतल्या अधिकाऱ्यांच्या बायका, आयटीतल्या मुली, आणि मध्ये सोफ्यावर सुधाताई. सुधाताईंचे यजमान मोठ्या सरकारी कंपनीत वरच्या हुद्द्यावर. त्यांच्यासमोर आपलं घर नीटनेटकं दिसावं असं उषाताईंना मनापासून वाटत होतं. मंजुषा पैठणी नेसून तिळगूळ फिरवत होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. शेफालीचा.

मंजुषाने ताट खाली ठेवलं आणि खिडकीशी जाऊन फोन घेतला. शेफाली रडवेली झाली होती. पिल्लं बसायला लागली होती. सकाळी थोडी, आता बरीच. परिमल म्हणत होता, हे त्या दीदीच्या औषधानेच झालं, उद्या सगळं फेकून देतो.

"मला पिल्लं दाखव," मंजुषा म्हणाली.

शेफालीने फोन शेडमध्ये नेला. पण थंडीसाठी शेडला पडदे सोडलेले, आत अंधुक. फोनचा उजेड पडला की पिल्लं घाबरून एकमेकांत घुसायची. फोनच्या पडद्यावर नुसता पिवळा कापूस दिसत होता.

"ते राहू दे. बाहेर ये. फोन कशाला तरी टेकव आणि चालून दाखव."

बायकांचं बोलणं एव्हाना थांबलं होतं. तिच्या टीव्हीएवढ्या फोनवर सगळ्यांना दिसलं, की अंगणात एक बाई साडी सावरून दोन पायांवर बसली आणि पुढे सरकायला लागली.

"थांब," मंजुषा म्हणाली. "पाय असे पडतात?" तिने फोन शोकेसवर ठेवला, पैठणीचा काठ वर खोचला आणि हॉलच्या मधोमध एक पाय पुढे, एक मागे ताणून फरफटत गेली. एक पाय पुढे, एक मागे, हा भलत्याच रोगाचा पाय. त्याला औषध नाही. म्हणून आधी तो विचारला.

"ना दीदी, तसे नाहीत."

"मग असे?" ती हातांच्या कुबड्या करून सरकली. सुधाताईंनी पाय वर घेतले.

"ना, ना. बघा तुम्ही." आणि शेफालीने गुडघ्यांवर बसून दोन्ही हात पुढे टेकले. हात म्हणजे पिल्लाचे पंजे. पण तळहात जमिनीला लागले नव्हते. मुठी घट्ट मिटलेल्या, मनगटं आत वळलेली, आणि त्या मिटलेल्या मुठींवर ती डुगडुगत पुढे येत होती.

"बोटं मिटलेली आहेत? आत वळलेली?"

"हो दीदी. उघडतच नाहीत."

मंजुषा सरळ उभी राहिली. उषाताई तिच्याकडेच बघत होत्या. थोड्या वेळापूर्वी जमीन गिळेल तर बरं असं त्यांना झालं होतं. पण आता सुनेचा चेहरा असा झाला होता, की त्यांना आपल्या गावच्या सुईणीची आठवण झाली. कशाचंही भान नाही, फक्त समोरचं बाळ.

"बी-टू कमी पडतंय," मंजुषा मराठीतच पुटपुटली. "पण कसं पडेल? आपल्या टॉनिकमध्ये तेच तर भरपूर आहे." मग फोनला, "शेफाली, टॉनिकची बाटली दाखव."

"गच्चीवर आहे."

"गच्चीवर का?"

शेफाली जिना चढली. पाठोपाठ फोनमधून सगळं हळदीकुंकू जिना चढलं. गच्चीच्या कठड्यावर गाद्या टाकल्या होत्या, सुपात डाळीचे सांडगे वाळत होते, लोणच्याची बरणी होती आणि तिच्या शेजारी ओळीने पाण्याच्या प्लास्टिकच्या पारदर्शक बाटल्या. मावळतीचा प्रकाश त्यांच्यातून आरपार जात होता.

"यात काय आहे?"

"टॉनिक. सकाळी पाण्यात मिसळते आणि दिवसभर ऊन दाखवते. मग पाजते." शेफालीच्या आवाजात थोडा अभिमान होता. "तुम्हीच म्हणालात गार पाणी देऊ नका, कोमट द्या. चुलीवर ठेवलं तर औषध जळेल. उन्हात कसं, हळूहळू ऊब येते. पिल्लांना थंडी बाधत नाही."

बंगाली माणसाला थंडीची केवढी धास्ती, हे उषाताईंनी त्या एका हिवाळ्यात पुरतं पाहिलं होतं. जरा गार वारा सुटला की समोरच्या बिल्डिंगमधले आजोबा कानटोपी चढवायचे, बाळं उन्हात, गाद्या उन्हात, अंगाला लावायचं तेलसुद्धा उन्हात. त्यात शेफालीला टॉनिक उन्हात ठेवावंसं वाटलं, यात नवल काय? केदार तान्हा असताना उषाताईंनी स्वतः त्याच्या आंघोळीचं घंगाळ अंगणात उन्हात ठेवलं होतं.

"रंग कुठला आहे त्याचा?" मंजुषाने विचारलं.

शेफालीने बाटली डोळ्यांसमोर धरली. "पाण्याचाच."

"मिसळतेस तेव्हा?"

"तेव्हा पिवळा. हळदीसारखा."

मंजुषाने कपाळाला हात लावला. मग शांतपणे सांगितलं, "या बाटल्या ओतून टाक. नवीन मिसळ, घरात अंधारात ठेव. कोमट करायचं तर साधं पाणी कोमट कर आणि औषध अगदी पाजताना घाल. बसलेली पिल्लं वेगळी काढ. मी सकाळी येते."

फोन ठेवला. सोफ्यावरून सुधाताई पुढे सरकल्या. त्यांनीच आधी विचारलं, "उन्हाने काय झालं पण?"

"तो पिवळा रंगच बी-टूचा, सुधाताई. उजेडात तो टिकत नाही. दिवसभर ऊन लागलं की संपतो. पिल्लं बिचारी नुसतं पाणी पीत होती." मंजुषाने पैठणीचा काठ सोडला. "आणि कोमट द्या असं मीच सांगितलं होतं. कसं करायचं ते नाही सांगितलं."

उषाताई काहीतरी बोलायला गेल्या, पण तोवर सुधाताई म्हणाल्या, "तो पहिला पाय कसा होता गं, एक पुढे एक मागे? पुन्हा दाखव ना." आणि हळदीकुंकवाला आलेल्या अर्ध्या बायका त्या रात्री कोंबडीसारखं चालूनच घरी गेल्या म्हणायला हरकत नाही.

सकाळी मंजुषा निघाली तेव्हा उषाताई दारात चपला घालून उभ्या होत्या. हातात पिशवी.

"तुम्ही कुठे आई?"

"तुझ्याबरोबर. गुडघे दुखले तर सांगीन."

बिधाननगरहून लोकल, बराकपूरला उतरून टोटो. खजुराच्या झाडांना रसाची मडकी बांधलेली, रस्त्यावर धुकं. शेफालीच्या दारात परिमल उभा होता. अंगावर शाल, डोक्याला टोपी, आणि चेहरा असा की नमस्कार घ्यावा की नाही याचाच विचार चाललाय. शेफाली त्याच्या मागे उभी होती, खाली मान घालून. रात्री दोघांचं काय बोलणं झालं असेल ते सांगायला नको.

"तुमच्या औषधाने पाय गेले," परिमल म्हणाला.

"औषध पिल्लांपर्यंत पोचलंच नाही, दादा," मंजुषा म्हणाली. तिने दोन काचेचे पेले मागितले. एकात गच्चीवरच्या उरलेल्या बाटलीतलं पाणी ओतलं, दुसऱ्यात ताजं टॉनिक मिसळलं. एक पेला नितळ पाण्यासारखा, एक पिवळाधमक. परिमलने दोन्ही उचलून बघितले. मग त्याने बायकोकडे बघितलं. तो आता काय बोलणार ते सगळ्यांना कळत होतं.

मंजुषा त्याच्याआधी बोलली. "कोमट पाणी द्या असं मी सांगितलं. ते कसं करायचं हे मी सांगायला हवं होतं. तिने मी सांगितलं ते मन लावून केलं. चूक माझी आहे, आणि पुढच्या मीटिंगमध्ये हेच सगळ्यांना सांगणार आहे."

परिमलने पेले खाली ठेवले. कंपनीचा माणूस त्याच्या दारात इतकी वर्षं येत होता. पिल्लू मेलं तर दोष भुशाचा, हवेचा, राखणाऱ्याचा. "चूक माझी" असं दारात उभं राहून म्हणणारं माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिलं असावं. त्याने शेडचा पडदा उचलून धरला आणि बाजूला झाला.

आत गेल्यावर उषाताईंना आधी वासाने नकोसं झालं. मग डोळे अंधाराला सरावले आणि पिल्लं दिसली. मोठी गर्दी धडधाकट होती, ती पाण्याकडे धावत होती. पण कोपऱ्यात वेगळ्या काढलेल्या कुंपणात शंभरेक पिल्लं घोट्यांवर बसली होती, पायांचे पंजे मुठीसारखे मिटलेले. पाण्याचं भांडं दोन हातांवर होतं आणि ती त्याच्याकडे नुसती बघत होती.

"ताजं टॉनिक ठेवलं तरी यांना मिळणार नाही," मंजुषा म्हणाली. "जी चालतात तीच पितात. यांना एकेकाला चोचीत द्यावं लागेल."

ती जमिनीवर भुशात बसली. शेफाली बसली. परिमलही आला. ड्रॉपरने थेंब थेंब. उषाताई थोडा वेळ पदर नाकाला लावून उभ्या होत्या. मग त्यांनी बाजूची पाटी उपडी केली, तिच्यावर बसल्या आणि हात पुढे केला. "आण एक इकडे."

मंजुषाने पिल्लू त्यांच्या ओंजळीत ठेवलं. गरम, हलकं, आणि छातीत धडधड एवढी की हातालाच लागत होती. उषाताईंनी एका बोटाने चोच उघडली आणि थेंब सोडला, केदारला बाळगुटी पाजायच्या तसा. मग दुसरं. मग तिसरं. शेफाली त्यांना माशीमा म्हणायला लागली, म्हणजे मावशी. कोणाला कोणाची भाषा नीट येत नव्हती, पण "इसको दिया," "इसको नहीं दिया" एवढ्यावर दुपारपर्यंत भागलं.

मध्येच मंजुषाचा फोन वाजला. ऑफिसमधून तिचे साहेब, सारंग देशमाने. "डबल डोस द्या म्हणावं. लवकर फरक दिसेल, त्यांची बॅच वाचेल."

"सर, डोस पोचत नव्हता. आता पोचतोय. सगळ्यांना दुप्पट देऊन काय करू?" आणि थोडं थांबून, "बाटलीवर 'उन्हात ठेवू नये' असं बंगालीत मोठ्या अक्षरांत छापून घ्या. चित्रासकट. आणि बाटल्या गडद रंगाच्या करा." पलीकडून काहीतरी लांबलचक बोलणं झालं. मंजुषा पिल्लाच्या चोचीकडे बघत "हो सर, हो सर" करत राहिली आणि शेवटी म्हणाली, "ते ठीक आहे सर, पण छापून घ्या."

निघताना उषाताईंनी पिशवी उघडली. आत स्टीलच्या बरण्या. केदारने जास्तीच्या आणलेल्या सगळ्या.

"ह्यात मिसळून ठेव म्हणावं," त्या मंजुषाला म्हणाल्या. "झाकण लागतं, उजेड शिरत नाही."

मंजुषा बघतच राहिली. "आई, हे वाण आहे."

"मग वाणासारखंच देते की." उषाताईंनी पिशवीच्या तळातून कुंकवाची डबी काढली. शेफालीच्या भांगात सिंदूर होताच. खाली कपाळाला हळदीकुंकू लावलं, तिळाची वडी हातावर ठेवली आणि पहिली बरणी तिच्या पदरात घातली. शेफालीला विधी कळला नाही, पण बाईला बाई काहीतरी मानाचं देतेय एवढं कळलं. ती वाकून पाया पडली. उषाताईंनी तिला खांद्याला धरून उठवलं.

नंतरचे दिवस घरात दुसरा विषय नव्हता. केदार ऑफिसातून आला की बूट काढायच्या आत विचारायचा, "उठली का?" शेफाली फोन करून सांगायची. आज थोड्यांनी बोटं उघडली. आज एक पिल्लू स्वतःहून भांड्यापर्यंत गेलं, पडलं, पण गेलं. मंजुषा एक दिवसाआड जात होती आणि एकेक पंजा आपल्या तळहातावर टेकवून बघत होती. बरीचशी उठली. काही नाही उठली. त्यांची नस गेली होती, ती आता परत येणार नाही, असं तिने परिमलला तोंडावर सांगितलं. त्याने पुन्हा पुन्हा खोदून विचारलं तेव्हाही तिने आशा लावली नाही. उषाताईंना वाटलं, थोडी गोड बोलली असती तर काय बिघडलं असतं. मग परिमलचं मान हलवणं बघून कळलं, की या माणसाला गोड बोलणारे पुष्कळ भेटले होते.

बराकपूरच्या मीटिंगमध्ये मंजुषाने ठरल्याप्रमाणे सगळं सांगितलं. दोन पेले मांडले. सांगून झाल्यावर सतरंजीवरून दबकत दबकत हात वर यायला लागले. उन्हात बाटल्या ठेवणारी शेफाली एकटी नव्हती. सुभेदारसाहेबांच्याही गच्चीवर बाटल्या निघाल्या, आणि या वेळी त्यांनी बायकोच्या आधी कबूल केलं.

महिना सरत आला तेव्हा पुण्याहून उषाताईंच्या भावजयीचा फोन आला. बोलता बोलता नेहमीचा प्रश्न निघाला. उषाताई खुर्चीत नीट बसल्या आणि म्हणाल्या, "कोंबड्यांच्या पायांची डॉक्टर आहे. आता ऐक." आणि जी सुरुवात केली ती तासाभराने थांबली. पलीकडच्या भावजयीने मधे दोनदा दूध उतू जात असल्याचं कारण सांगितलं, पण उषाताईंनी ते मनावर घेतलं नाही.

शेवटी पाखरं विकायचा दिवस आला. उषाताई पुन्हा बरोबर गेल्या. आता त्यांना कोणी विचारतही नव्हतं. व्यापाऱ्याची गाडी दारात उभी होती. व्यापारी असा, की आत जाऊन पाखरांना हाकून बघायचा. बसलेली दिसली की तोंड वाकडं करायचा. तो आत शिरला, "हुश" केलं, आणि पांढऱ्या पाखरांची लाट शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पायांवर धावत गेली. व्यापाऱ्याने लगेच पिंजरे आत घ्यायला सांगितलं.

त्याच वेळी फाटकाशी एक मोटरसायकल थांबली. जुन्या कंपनीचा सुपरवायझर. हसतमुख माणूस, तोंडात पान. त्याने पिल्लांच्या आजाराचं ऐकलं होतं. "परिमलदा, आता तरी झालं ना समाधान? पुढची बॅच आमच्याकडून घ्या. सोमवारी पिल्लं उतरवून देतो. कटकट नाही, जबाबदारी नाही."

परिमल हात पुसत उभा राहिला. त्याने गाडीकडे बघितलं, व्यापाऱ्याकडे बघितलं, मग शेडकडे. आणि मग आपल्या बायकोकडे बघितलं. उत्तर द्यायचं तिने, असं त्याच्या बघण्यात होतं. मंजुषा थोडी दूर उभी होती. ती पुढे आली नाही. उषाताईंनी तिचं मनगट धरलं होतं, ते त्यांना नंतर कळलं.

शेफालीने कमरेला खोचलेला पदर सोडला, डोक्यावर घेतला आणि सुपरवायझरला म्हणाली, "बसा ना दादा. पिल्लं आम्ही आणू. चहा घेऊन जा."

सुपरवायझर मोटरसायकलवरून उतरला. मग मोटरसायकल स्टँडवर लावली, पान थुंकलं, आणि पाहुण्यांसाठी मांडलेल्या बाकावर जाऊन बसला.